चाळीस घरांचं स्वित्झर्लंड

सातारा-सांगलीकडे कधी गेला नसाल तर जानेवारीत जा. उसाची तोड जोरात असते. रस्त्यावर पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, त्याच्या मागे आपली गाडी रांगत असते, आणि त्यामुळे सगळं नीट बघून होतं. थंडी शालीपुरतीच. माणसं अशी की रस्ता विचारला तर आधी चहा पाजतात, मग रस्ता सांगतात. एवढी शिफारस मी मनापासून करते. माझ्या स्वतःच्या प्रवासाबद्दल मात्र शिफारस करावी असं माझ्याकडे काही नाही. मी तिथून मान खाली घालून परत आले, आणि का, ते लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी अमरावतीची. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना म्हणून व्याख्यानं देऊ लागले, आणि त्यातलं एक भलतंच चाललं: दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंडसारखा चिमुकला देश तटस्थ कसा राहिला. हल्ली रोजच्या बातम्यांत कुठलं ना कुठलं युद्ध असतंच, आणि आपण कुणाच्या बाजूचे यावरून घराघरांत वाद. त्यामुळे विषयाला मागणी. मी स्वित्झर्लंडला कधीही गेलेली नाही, हे इथेच सांगते. माझ्या मैत्रिणी सहल कंपन्यांबरोबर जाऊन बर्फात फोटो काढून आल्या. मी आपली पुस्तकांतूनच फिरून आले. पण बोलायला लागले की मी कालपरवाच तिथून उतरले असं लोकांना वाटतं, आणि मी तो गैरसमज दूर करत नाही.

यंदा सांगलीच्या मगदूमअण्णांचं बोलावणं आलं. अण्णा हळदीचे व्यापारी, जैन, वयाने माझ्याएवढेच. दुकान मुलांवर सोपवून ते व्याख्यानमाला चालवतात. तीन ठिकाणी बोलायचं होतं: वडूजला, कडेगावच्या पलीकडच्या एका वाडीत आणि शेवटी सांगलीत.

शिरवळ आणि वडूज

अण्णा मला न्यायला पुण्यापर्यंत गाडी घेऊन आले होते. शिरवळला कारखान्यांच्या रांगेसमोर एका हॉटेलात नाश्त्याला थांबलो. मी मिसळ मागवली. आमच्या अमरावतीत तर्री पोह्यांवर पडते. इथे तोच लाल प्रकार मिसळीबरोबर वेगळ्या भांड्यात येतो, त्याला कट म्हणतात, आणि तो संपला की न विचारता पुन्हा येतो. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, आम्ही वऱ्हाडी, आम्हाला तिखटाची काय भीती. दुसऱ्या वाटीनंतर माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहू लागलं. अण्णा कांदा-लसूण खात नाहीत. ते घरून आणलेली दशम्यांची शिदोरी सोडून शांतपणे खात बसले होते. हसले नाहीत, फक्त पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

लोणंदवरून आत वळलो आणि हिरवळ हळूहळू विरळ होत गेली. वडूजकडे पाऊस बेताचा. उभी ज्वारी, मोकळी माळरानं, लांबवर एखादी टेकडी. दुपारी जिथे जेवलो तिथे हुलग्यांचं माडगं दिलं. हुलगे म्हणजे आमच्याकडचे कुळीथ. भाजून, भरडून केलेली पातळ पेज, वरून तुपाची धार. मी तीन वाट्या प्यायले आणि घरच्या सूनबाईंना कृती विचारली. त्या म्हणाल्या, "ह्यात काय कृती, बाई? थंडी पडली की करायचं आन् गरम गरम प्यायचं."

संध्याकाळी व्याख्यान रंगलं. चारी बाजूंनी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी वेढलेला देश मी डोळ्यांसमोर उभा केला. पूल आणि बोगदे सुरुंग लावून तयार ठेवले होते, की शत्रू आलाच तर स्वतःच उडवून द्यायचे. डोंगराच्या पोटात तोफा. शहरातल्या बागा उकरून बटाटे लावलेले. पण नुसती बंदूक दाखवून भागत नव्हतं. जर्मनीला यंत्रं विकायची, तिच्या कोळशाच्या गाड्या आपल्या बोगद्यांतून इटलीकडे जाऊ द्यायच्या आणि त्याच वेळी इंग्लंड-अमेरिकेशीही बोलणं तुटू द्यायचं नाही. दोन्ही बाजूंना वाटलं पाहिजे की हा देश गिळण्यापेक्षा असाच राहिलेला आपल्याला सोयीचा. हे मी फार छान सांगते.

शेवटी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. साधारण पन्नाशीच्या, अंगावर स्वेटर.

"जीव वाचवायला जी माणसं त्यांच्या सरहद्दीवर आली, त्यांचं काय झालं?"

प्रश्न बरोबर होता. ज्यू लोक रात्री-बेरात्री सीमा ओलांडून यायचे. काहींना आत घेतलं, आणि हजारोंना सीमेवरूनच परत पाठवलं. परत म्हणजे कुठे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि मग माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं: "लहान राष्ट्राला मोठं मन परवडत नाही."

टाळ्या पडल्या. त्या बाई मात्र थोडा वेळ उभ्याच राहिल्या, आणि मग बसल्या. मला वाटलं, उत्तर पटल्यामुळे बसल्या.

वाडी

वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिच्या दोन बाजूंच्या गावांचंही नाही. एकाला वरचं गाव म्हणू, दुसऱ्याला खालचं. दोन्ही मोठी, दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे पैसा आणि दोघांमध्ये पाटाच्या पाण्यावरून कित्येक वर्षांचं वाकडं. मधोमध चाळीस घरांची ही वाडी. दर दुसऱ्या घरात कुणीतरी फौजेत आहे किंवा होता. भिंतींवर देवांच्या तसबिरींशेजारी गणवेशातले फोटो.

मी उतरले होते ते सुभेदारांकडे. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. त्यांच्या पत्नी आक्का ठेंगण्या, सतत कामात. दारात रस्त्याला लागून लोखंडी फाटक, आत अंगण, गोठा. अण्णा मला सोडून रात्री सांगलीला गेले, सकाळी न्यायला येणार होते.

दुपारी जेवायला ज्वारीची भाकरी, मेथी, दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. शिरवळचा धडा ताजा असल्यामुळे खर्ड्याला मी बोट लावून सोडलं. जेवताना सुभेदारांनी वाडीचं राज्य कसं चालतं ते सांगितलं.

"बाई, वरच्या गावाची डेअरी येगळी, खालच्या गावाची येगळी. आमी सकाळचं दूध वर घालतो आन् सांजचं खाली."

"सगळी वाडी?"

"समदी. गणपतीची वर्गणी दोनीकडं सारखी. लग्नात आहेर सारखा. एकाला टॉवेल-टोपी तर दुसऱ्यालाबी टॉवेल-टोपी, एकाच दुकानातली. आन् साक्षीला कुणाच्याच जायचं न्हाई. कोर्टात न्हाई, चावडीवर न्हाई. वाडीचा माणूस कवाच साक्ष देत न्हाई, हे दोनी गावांस्नी म्हाईत हाय."

मी भाकरी हातात तशीच धरून ऐकत होते. जन्मभर जे पुस्तकात वाचलं ते कुणीतरी दह्याच्या वाटीशेजारी मांडून ठेवल्यासारखं वाटलं. अमरावतीला आमच्या गल्लीत दोन भावांचं भांडण झालं तर तिसऱ्या दिवशी अख्खी गल्ली दोन पक्षांत वाटलेली असते, मीसुद्धा. इथे चाळीस घरांनी पिढ्यान् पिढ्या जमवलं होतं!

व्याख्यान वाडीतल्या शाळेच्या मैदानात होतं, कारण दोन्ही गावांची माणसं एकत्र येतात ती फक्त वाडीतच. मांडवात डावीकडे वरचं गाव, उजवीकडे खालचं, मध्ये वाडी. सत्कारही दोन झाले. वरच्या गावातर्फे पांढऱ्या कडक शर्टातल्या एका तरण्याबांड गड्याने शाल-नारळ दिला. खालच्या गावातर्फे बबन नावाच्या, चाळिशीतल्या, सावळ्या, हसऱ्या माणसाने दिला. शाली अगदी सारख्या. हा बबन यंदाचा पाटकरी, म्हणजे पाटाचं गेट ठरल्या वेळी उघडून कुणाला किती वेळ पाणी जायचं ते पाहणारा. दोन्ही गावांनी मिळून नेमलेला.

नारळ देता देता तो हळूच म्हणाला, "बाई, पोरीला आशीर्वाद द्या. प्रियांका नाव. पोलीस भरतीत लागलीया. आता निस्ती चारित्र्य पडताळणी ऱ्हायली."

मी म्हणाले, "द्यायलाच हवा. कुठाय ती?"

"घरी हाय. म्हशी बगतीया. नोकरी लागली तर म्हशी मलाच बगाव्या लागणार." आणि खूश होऊन हसला.

त्या दिवशी मी कमाल केली. स्वित्झर्लंड सांगता सांगता वाडीवर आले. सकाळचं दूध, सांजचं दूध, सारखे आहेर सगळं घेतलं आणि म्हणाले, "जगाने शांतता शिकायला जिनिव्हाला कशाला जावं? इथे यावं!" तिन्ही बाजूंनी टाळ्या. सीमेवरच्या माणसांचं आलं तेव्हा भराभर पुढे गेले, आणि माझं ठेवणीतलं वाक्य पुन्हा टाकलं. त्यालाही टाळ्या.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

सकाळी मी चहाचा कप घेऊन फाटकाशी उभी होते. समोर उसाचा फड, त्यावर धुकं. अंगणात सुभेदार खांबाला आरसा टांगून दाढी करत होते. आक्का गोठ्यात.

उसातून माणूस धावत आला. बबन. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेला, एका कानाच्या वरून रक्त. तो थेट फाटकाशी आला. मधे फक्त ते गज होते.

"बाई, कडी काढा."

फाटकाची कडी आतून. माझा हात तिच्यापासून वीतभर लांब. मी वळून सुभेदारांकडे पाहिलं. त्यांच्या अर्ध्या तोंडाला साबण होता. ते "नको" म्हणाले नाहीत. वस्तरा खाली ठेवला आणि गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "आगं, पानी आण."

आक्का तांब्या घेऊन आल्या. फाटकावरून त्यांनी तो बाहेर दिला. बबनने डाव्या हाताने घेतला, पण तो प्यायला नाही. माझ्याकडेच बघत होता.

"बाई, कडी तेवढी."

मी कडीला हात लावला नाही. कप हातात होता म्हणून नव्हे. कप मी केव्हाच कठड्यावर ठेवला होता.

दोन मोटारसायकली आल्या. तिघंजण. पुढचा तो कालचा पांढऱ्या शर्टातला. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले. "नमस्कार, म्याडम. काल झकास बोलला." मग त्याने बबनची गचांडी धरली. दुसऱ्याच्या हातात फावड्याचा दांडा होता. त्यांनी फाटकासमोर रस्त्यावरच त्याला मारलं. फार वेळ नाही. मी सगळं पाहिलं. तांब्या रस्त्यावर गडगडत गेला. बबनने एकदाही हात उचलला नाही. उचलणार कुठला, एक हात कामातून गेलेला होता.

ते गेले तेव्हा खालच्या गावची माणसं आली आणि त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेली. त्यातल्या एकानेही आमच्या फाटकाकडे पाहिलं नाही.

सुभेदारांनी उरलेली दाढी केली नाही. ओसरीवर येऊन बसले. झालं होतं ते असं: ठरलेली वेळ संपली म्हणून बबनने वरच्या गावाचं पाणी बंद करून गेट खालच्या गावाला फिरवलं होतं.

"त्याची काय चूक होती?" मी विचारलं.

"त्याची कायबी चूक न्हाई."

"मग?"

"आमच्या आज्ज्यानं एकदा असाच एकजण घरात घेतला हुता, बाई. त्या साली वाडीच्या समद्या कडब्याच्या गंजी पेटल्या. जनावरं आत हुती. तवापास्नं ठरलंय. पानी कुणालाबी द्यायचं, उंबरा कुणालाच न्हाई." मग म्हणाले, "फौजेत आमची बाजू ठरल्याली हुती. लय सोपं हुतं ते."

आक्कांनी पोहे केले. ते कुणीच खाल्ले नाहीत.

अण्णा न्यायला आले त्याच सुमारास पोलीस हवालदारही आले. त्यांनी सुभेदारांना विचारलं नाही. वाडीची रीत त्यांनाही ठाऊक असणार. मला विचारलं. "बाई, तुमी हितंच हुता नव्हं? काय बगितलं?"

मला सांगता आलं असतं. माझं या गावांत ना दूध जात होतं, ना कडबा होता. मी उद्याच अमरावतीला निघणार होते. सुभेदार माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

"मी आत होते," मी म्हणाले. "मला काही दिसलं नाही."

हे वाक्य मी स्वच्छ, ठाम आवाजात बोलले. व्याख्यानाची सवय.

सांगली

अण्णांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतात. पानात पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, कांदा-लसणाशिवाय इतकी चव कशी येते याचं एरवी मला कौतुक वाटलं असतं. गाडीत मी अण्णांना सकाळचं सांगितलं होतं, पण माझं पोलिसांसमोरचं वाक्य त्यांनी स्वतःच ऐकलेलं होतं. त्यावर ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

सभागृह भरलेलं होतं. मी व्याख्यान दिलं. पूल, सुरुंग, बटाटे, कोळशाच्या गाड्या, सगळं. सीमेवरून परत पाठवलेल्या माणसांचा भाग मी गाळला. कुणाला कळलंही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर एक मुलगी पुढे आली. केस घट्ट बांधलेले, पायात धावायचे बूट. सावळा रंग आणि हनुवटी पाहून ती कोण ते मी ओळखलं.

"मी प्रियांका. बाबांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलंय. हाताचं हाड मोडलंय."

मी तिच्याकडे खुर्ची सरकवली.

"बाई, वरच्या गावानं उलटी तक्रार दिलीया. क्रॉस केस. सुभेदारांच्या फाटकापुढं बाबांनी आन् मी त्यास्नी दगडं मारली म्हणून. माझं नाव घातलंय." इकडच्या मुली स्वतःबद्दल बोलतानाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात, तसंच ती पुढे म्हणाली, "मी तिथं नव्हतो, बाई. मी घरी धार काढत होतो. पडताळणीत केस दिसली तर माझी भरती गेली. दोन वर्सं पळालोय मी त्यासाठी. तुमी फकस्त एवढंच सांगा, मी तिथं नव्हतो. कुणी मारलं ते नका सांगू."

इतकं कमी मागत होती. मी म्हणाले, "मला सुभेदारांशी बोलू दे. मी त्यांची पाहुणी होते. उद्या सांगते."

तिने माझा नंबर घेतला, स्वतःचा मला दिला आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी सुभेदारांना फोन लावला. त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमाला न्हाई म्हणणारा मी कोण? पर तुमी आमच्या घरच्या पावण्या. तुमी बोलला म्हंजे वाडी बोलली. उद्या सकाळी आमचं दूध वर घेतील का न्हाई, ते म्या सांगू शकत न्हाई."

मी फोन ठेवला. मला आधार मिळाला होता. माझ्या गप्प बसण्यात आता चाळीस घरांचं हित होतं. त्या रात्री मला झोप लागली, ही गोष्ट मी इथे लिहिते, कारण ती लपवून ठेवायची मला फार इच्छा होते आहे.

मिरज स्टेशन

सकाळी अण्णांनी चुरमुऱ्यांच्या भडंगाचं पाकीट बांधून दिलं आणि गाडीत बसवलं. अमरावतीकडे जाण्यासाठी मिरजेहून रेल्वे धरायची होती. मिरजेत शिरल्यावर ते म्हणाले, "दवाखाना वाटेतच हाय, बाई. पाच मिनिटं थांबायचं का?"

"गाडी चुकेल," मी म्हणाले.

त्यांनी गाडीचा वेग कमी केला होता, तो पुन्हा वाढवला.

रेल्वे पाऊण तास उशिरा होती. अण्णा निघून गेले होते. मी बाकावर बसून राहिले. रिक्षाने दवाखाना दहा मिनिटांवर. जाऊन, भेटून, परत येणं जमलं असतं. पलीकडच्या बाकावर एक बाई नातवाला केळं भरवत होती. तिने मला विचारलं, कुठल्या तुम्ही, कशाला आला होता. मी म्हणाले, व्याख्यानाला. तिने विचारलं, कशावर? मी म्हणाले, असंच, इतिहासावर.

प्रियांकाचा फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. मग आला नाही.

अमरावती

घरी आल्यावर भडंग मी शेजाऱ्यांना वाटून टाकलं. मैत्रिणींना वडूजच्या माडग्याचं, शिरवळच्या कटाचं रसभरीत वर्णन केलं. वाडीतल्या दुधाची गोष्ट सांगायला लागले की अर्ध्यातच मीच विषय बदलायचे. आमच्या वाचनालयाने तटस्थतेवरचं तेच व्याख्यान मागितलं. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

बरेच दिवस गेले. एका दुपारी मी धीर केला. मी ठरवलं, पोलिसांना जे पाहिलं ते सगळं सांगायचं. मुलगी तिथे नव्हती एवढंच नाही, कुणी मारलं आणि कशाने मारलं तेसुद्धा. लागलं तर पुन्हा गाडीत बसून जायचं. सुभेदारांच्या दुधाचं काय व्हायचं ते होवो. वाक्यं मनात जुळवली आणि प्रियांकाला फोन लावला.

"मी सांगायला तयार आहे, बेटा," मी म्हणाले. "सगळं."

"आवं बाई, मिटलं की ते!" ती म्हणाली. आवाज मोकळा होता. "समझोता झाला. सुभेदारांच्याच अंगणात बसली समदी. बाबांनी हात जोडलं, चूक आमची म्हणाले, पाटकरीचं काम सोडलं. त्यांनी माझं नाव मागं घेतलं. माझी पडताळणीबी झाली, मी पुढच्या म्हयन्यात ट्रेनिंगला चाललो."

फावड्याचा दांडा खाल्लेल्या माणसाने दांडा मारणाऱ्यांसमोर हात जोडले होते. जोडताना एक हात प्लास्टरमध्ये असणार.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "मला लाज वाटते."

"तसं नका म्हणू, बाई. तुमी बोलला न्हाई ते बरंच झालं. बोलला असता तर ती आणखी चिडली असती, मग मिटलंच नसतं. तुमचं उपकारच हायत."

ती खरंच तसं मानत होती की एका म्हाताऱ्या बाईची समजूत घालत होती, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी तिचे आभार ऐकून घेतले, आणि ते ऐकताना स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होते.

"थांबा, बाबा बोलतायत," ती म्हणाली.

फोन बबनने घेतला. मी "हात कसा आहे" म्हणाले. त्याने ते उडवून लावलं. मूठ अजून नीट वळत नाही, पण म्हशी बघता येतात, म्हणाला, आणि हसला. पोरगी जाणार म्हणून घर सुनं होईल, म्हणाला. पोरीची खाकी कशी दिसेल ते सांगत बसला. त्या सकाळचा त्याने एक शब्द काढला नाही. मी वाट पाहत होते. काढला असता तर मला निदान माफी मागता आली असती.

"पुढल्या साली व्याख्यानाला या, बाई," तो म्हणाला. "पर या खेपंला आमच्या घरी उतरायचं. सुभेदारांचं घर मोटं हाय, आमचं ल्हान हाय, पर तुमची अडचण व्हायची न्हाई. मंडळींनी सांगून ठेवलंय, बाईंस्नी बोलवा म्हणून. येताय न्हवं?"

"येते," मी म्हणाले.

"कवा?"

मी कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. तो पलीकडे थांबला होता, घाई करत नव्हता. मला एकही तारीख सांगता आली नाही.